बुटकी बसलीय

उत्तरेश्वराच्या तोंडात देवानं 'न्हाय' हा शब्द घातलाच नव्हता. सारजाबाईची लेकाबद्दल एवढी एकच तक्रार होती, पण ती अशी ऐसपैस पसरली होती की दुसऱ्या तक्रारींना घरात जागा उरली नव्हती. लेक दारूला शिवायचा नाही, बायकोवर हात उगारायचा नाही, आई जेवल्याशिवाय ताटावर बसायचा नाही. पण समोर कुणी हात पसरला की याचा हात आधी आपल्याच घरात शिरायचा. त्यातून तो गावचा पोलीस पाटील. म्हणजे हात पसरणाऱ्यांना काही तोटा नाही. वरून साहेब मागणार, खालून गाव मागणार, आणि मधे हा उभा, दोन्हीकडं मान डोलवत.

"नंदीबैलाला तरी गुबूगुबू वाजवावं लागतंय," सारजाबाई सुनेला म्हणायची. "ह्याला तेबी लागत न्हाय."

सून मथुराबाई पदर तोंडाला लावून हसायची. पण सारजाबाई हसायची नाही. तिचं हसू कोंबड्यांबरोबर गेलं होतं.

ईट या बाजारगावाच्या अलीकडं ते गाव. अंमल निजामाचा. सुगी जवळ आली की तालुक्याच्या साहेबाचा दौरा निघायचा. गावाबाहेर चिंचेखाली तंबू पडायचा आणि तंबूतल्या सगळ्यांच्या पोटाची काळजी गावाला. लाकडं गावाची, दूध गावाचं, घोड्याला कडबा गावाचा आणि साहेबाच्या ताटातली कोंबडीही गावाची. त्याला रसद म्हणायचे. द्यायची, आणि वर हात जोडायचे.

गाव काही खुळं नव्हतं. कोतवाल बिरू शेजारच्या गावाहून धापा टाकत यायचा, वेशीतच ओरडायचा, "आले, आले!" की बायका पोरं सोडून कोंबड्यांमागं धावायच्या. कुणी कोंबडी धान्याच्या पेवात सोडायचं, कुणी डालग्याखाली घालून वर गोधडी टाकायचं, कुणी थेट पाळण्यात लेकराशेजारी निजवायचं. साहेबाचा चपराशी गल्लीत शिरेपर्यंत गाव असं चिडीचूप, की वाटावं या गावात कोंबडा आरवून कधी कुणाला जाग आलीच नसेल.

मग चपराशी पाटलाच्या दाराशी.

पाटलाच्या घरानं कोंबड्या लपवल्या तर गावाची लाज जाते, असं उत्तरेश्वराचं म्हणणं.

"अन् गावाची लाज माझ्या कोंबड्यांच्या मानंवर व्हय रं?" सारजाबाई विचारायची.

"आई, कुणीतरी द्याया पायजे की."

"मग तुझी बंडी दे. तुझा फेटा दे. कोंबडी म्या वाढिवलीय."

पण ती हे बोलेपर्यंत कोंबडी चपराशाच्या हातात उलटी लोंबत असायची आणि उत्तरेश्वर त्याला पान विचारत असायचा.

किती थंड्या अशा गेल्या. पिल्लू असताना कण्या भरवायच्या, घारीवर डोळा ठेवायचा, देवी आली तर हळद लावायची, रात्री खुराड्याला धोंडा लावायचा. आणि कोंबडी अंड्यावर आली की दौरा. शेवटी सारजाबाईनं खुराड्यात गोवऱ्या भरून टाकल्या. कुणी विचारलं तर म्हणायची, "आता होत न्हाय माझ्यानं." खरं कारण वेगळं होतं, ते ती कुणाला सांगत नव्हती. तिला एकदा, एकदाच, आपल्या अंगणात एक कोंबडी म्हातारी होऊन मेलेली बघायची होती. आपल्या हातानं वाढवलेला एक जीव कुणाच्या ताटात न जाता आपल्या वेळेनं जावा. पाटलाच्या आईनं असं काही बोलून दाखवलं असतं तर बायांनी पाणवठ्यावर हसण्यात आठवडा काढला असता.

मग एका बाजारच्या दिवशी उत्तरेश्वर ईटहून आला तो हातात बांबूचा पिंजरा घेऊन.

"कुणी दिला?"

"एक चिडीमार हुता, हैद्राबादकडचा. लई मागं लागला. म्हनला, पाटील, घ्याच."

"अन् तू न्हाय म्हनला न्हाईस."

उत्तरेश्वरानं पिंजरा खाली ठेवला. आत एक कोंबडा आणि दोन कोंबड्या. पण केवढ्या! कबुतरापेक्षा वीतभर मोठ्या म्हणाव्या तर तेवढ्याही नाहीत. कोंबडा तांबडा-काळा, शेपटी अशी उभी की त्याची त्यालाच टोचावी, आणि पायात घोट्यापर्यंत पिसांची तुमान. मथुराबाई बघतच राहिली. "अगं बया, ह्ये तर कोंबड्यांचं लेकरू वाटतंय!"

"लेकरू न्हाय, एवढीच ऱ्हातेत ती. जातच तशी," उत्तरेश्वर म्हणाला. मग आईकडं न बघता हळूच बोलला, "आई, ह्या कुणी न्यायचा न्हाय. एका माणसाच्या घासाला पुरत न्हाईत."

सारजाबाईनं त्याच्याकडं बघितलं. लेकाच्या डोक्यात कधी काही येत असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती उठली आणि खुराड्यातल्या गोवऱ्या बाहेर काढायला लागली.

जन्मभर कोंबड्या पाळलेली बाई, पण या बुटक्यांनी तिला पहिल्या यत्तेत नेऊन बसवलं. ज्वारीचा दाणा यांच्या गळ्याला मोठा, कण्या भरडाव्या लागायच्या. अंगणात चिखल झाला की पायातल्या तुमानीला गोळे लागायचे, ते कोमट पाण्यानं सोडवत बसायचं. साध्या कोंबड्या कुंपणाला भितात, या भुर्रकन लिंबावर. संध्याकाळी सारजाबाई झाडाखाली काठी घेऊन उभी आणि वर कोंबडा छाती काढून आरवतोय. कोंबडा मुठीएवढा, आवाज गावाएवढा. पाटलाच्या कुत्र्याच्या अंगावर जायचा, घागरीतल्या आपल्या सावलीशी भांडायचा.

"ह्यो खरा पाटील," सारजाबाई म्हणायची. उत्तरेश्वर ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

त्या थंडीत दौरा आला. चपराशी दारात आला, त्यानं डालगं उचललं, आत बघितलं आणि हसत सुटला. "क्या पाटील, चिड्या पाले क्या?" आणि रिकाम्या हातानं गेला. सारजाबाईनं दार लावलं, जात्यावर बसली आणि उगाचच दोन पायल्या जास्तीचं दळलं. तिला गाणं येत नव्हतं, नाहीतर त्या दिवशी म्हटलं असतं.

मग चूक तिच्याकडूनच झाली. उन्हाळ्यात दोन्ही बुटक्या खुडूक होऊन उबवायला आल्या, तिनं त्यांच्याच अंड्यांवर बसवल्या. बसायला या जातीच्या मोठ्या इमानी. पाण्यालाही उठायच्या नाहीत, उचलून पाजावं लागायचं. पिल्लं झाली, पण दिवाळीपर्यंत पिल्लांच्या टांगा आईच्या डोक्याच्या वर गेल्या. बिरूचा लाल कोंबडा कुंपणावरून येऊन जात होता, हे तिला तेव्हा कळलं. लहान आईच्या पोटची ती उंचनिंच पिल्लं दिवाळीनंतरच्या पहिल्याच दौऱ्यात गेली. उत्तरेश्वरानंच धरून दिली.

"मोठी झाली की गेली," सारजाबाई सुनेला म्हणाली. "लहान ऱ्हायली तरच आपली. जात न्यारी ठिवाया पायजे."

तिनं तुराट्यांचं कूड उभं केलं, वरून जाळी टाकली, बिरूच्या कोंबड्याला धोंडा मारून त्याची टांग लंगडी केली, त्यावरून बिरूच्या बायकोशी कडाकडा भांडली. पण जात न्यारी ठेवणं म्हणजे काही एक काम नाही. एका सकाळी कुडाखालून मुंगूस शिरलं आणि एक बुटकी गेली. मागं नुसती पिसं. मग पंधरवडाही झाला नसेल, जाळी काढून ऊन दाखवायला सोडलं तर घार आली. शहाणा कोंबडा असता तर पाटीखाली पळाला असता. हा उडी मारून घारीच्या अंगावर गेला. घारीला एवढंच पाहिजे होतं.

सारजाबाई त्या दिवशी जेवली नाही. सुनेला म्हणाली, दाढ दुखतीय.

उरली एक बुटकी. पण कोंबडा जायच्या आधीची आणि लगेच नंतरची तिची अंडी सारजाबाईनं ज्वारीच्या मडक्यात पुरून ठेवली होती. नऊ अंडी, बोराहून थोडी मोठी म्हणावीत अशी. बुटकी खुडूक झाल्याबरोबर पाटीत भुसा घातला, बाधा नको म्हणून भुशात खुरप्याचं मोडकं पातं खोचलं आणि अंडी तिच्याखाली सारली. काही दिवसांनी एकेक अंडं झरोक्यातल्या कवडशात धरून बघितलं. सगळ्यांत लाल दोरे पसरलेले. एखादंही पोकळ नाही.

"ह्येच्यात एक जरी नर निघाला," ती मथुराला म्हणाली, "तर जात चालली. न्हाय निघाला तर संपली."

"निघंल की आत्याबाई."

"तुझ्या तोंडात साखर पडू दे. अन् पाटीला हात लावू नगंस. कुणीच लावायचा न्हाय."

मथुरेला सांगितलं. उत्तरेश्वराला सांगायचं राहिलं. त्याला कशाला सांगायचं? तो कधी खुराड्याकडं फिरकायचा नाही. कोंबडी त्याला दोनच ठिकाणी माहीत, चपराशाच्या हातात नाहीतर ताटात.

पिल्लं फुटायला आठवडाभर उरला असेल. ज्वारी काढणीला आली होती. सासू-सून दिवस उगवताच रानात गेल्या, आणि नेमका त्याच दिवशी सुगीतला दुसरा दौरा आला. बिरू ओरडला, गाव गप्प झालं. चपराशी पाटलाच्या दाराशी आला तेव्हा घरात उत्तरेश्वर एकटा.

काय झालं ते सारजाबाईला संध्याकाळी बिरूनं सांगितलं. सांगताना तो एकदा हसत होता, एकदा तिच्या तोंडाकडं बघून हसू गिळत होता.

चपराशानं विचारलं, "पाटील, मुर्गी है क्या नै?" उत्तरेश्वर म्हणाला, "हाय, पर ती बुटकी, बसलीय." चपराशी म्हणाला, "तो अंडे दो. साहब को नाश्ता होना." उत्तरेश्वरानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. गावात कुणाच्या घरी अंडं नाही, सगळं पेवात. आणि समोर पाटीत नऊ. त्यानं बुटकीखाली हात घातला. तिनं मनगटाला अशी चोच मारली की रक्त निघालं. पण अंडी हाताला गरम लागली.

"पाटील मला म्हनले," बिरू सांगत होता, "म्हनले, बिरू, अंडी किती ताजी हायेत बघ, अजून गरम हायेत."

सारजाबाईनं डोळे मिटले.

"मंग?"

"मंग तंबूत खानसाम्यानं तवा ठिवला. साहेब म्होरंच खुर्चीत बसलेले, घाई लई. पैलं फोडलं, तर तव्यावर..." बिरूनं तळहातावर अंगठा ठेवून दाखवलं. "चोच, डोळे, समदं. खानसामा वरडला. साहेबानं बघितलं अन् उठून चिंचंच्या बुडाशी... माय, नाश्त्याच्या आधीच समदं बाहीर. खानसाम्याला वाटलं एखादं खराब आसंल, त्यानं दुसरं फोडलं. मंग तिसरं."

"नऊच्या नऊ?"

"न्हाय, बाकीची साहेबानंच लाथ मारून उडिवली."

रानातून आल्यावर आपण काय बघितलं होतं ते सारजाबाईला आता नीट दिसलं. बुटकी पाटीतच होती. पिसं फुगवून, पंख पसरून, जागची न हलता बसली होती. सारजाबाईनं तिच्याखाली हात घातला होता, आणि भुसा आणि खुरप्याचं पातं, एवढंच हाताला लागलं होतं. बुटकीनं तिला चोच मारली नाही. आपल्या बाईचा हात तिला कळायचा.

तिला ओरडावंसंही वाटलं नाही. वीस वर्षांपूर्वी असतं तर सगळी आळी गोळा झाली असती. आता पाय दुखत होते, कंबर दुखत होती. ती पाटीशेजारी भिंतीला टेकून बसली.

उत्तरेश्वर आला तेव्हा दिवेलागण होत होती. मनगटाला चिंधी बांधलेली. तो उंबऱ्यातच थांबला. मथुरा चुलीपाशी उठून उभी राहिली आणि कुणाकडं बघावं ते न कळून पुन्हा बसली.

"आई, मला ठावं नव्हतं."

सारजाबाईनं पाटीच्या कडेचा भुसा आत सारला.

"साहेब म्हनत्यात, म्या मुद्दाम केलं. त्येंची टवाळी केली. लई तापलेत." तो घुटमळला. "म्हनत्यात, ती कोंबडी आणून दे. तीच. आत्ता. खायाची न्हाय म्हनत्यात, पर डोळ्यादेखत कापायची. न्हाय तर पाटीलकी..."

"बरं," सारजाबाई म्हणाली.

उत्तरेश्वराला वाटलं परवानगी मिळाली. तो पाटीजवळ आला. सारजाबाई हलली नाही. पाटी तिच्या मांडीला लागून होती. बुटकीनं त्याला ओळखलं आणि घशात घरघर केली.

"घी की," सारजाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मथुरा जास्त घाबरली. "घी. म्या आडवत न्हाय. आजपोतर कधी आडिवलं का? नुसतं तोंड वाजिवलं. पर बघून घी एकदा. अंडी तू काडलीस ते तिला अजून उमगलं न्हाय. रिकाम्या भुशावर बसलीय. तिला वाटतंय, खाली समदं हाय तसंच हाय."

उत्तरेश्वर वाकलेला तसाच राहिला. मग त्यानं हात मागं घेतला.  चुलीत तुराटी तडतडली. मग तो वळला आणि रिकाम्या हातानं बाहेर गेला.

"कुठं चाललात?" मथुरेनं विचारलं. तो थांबला नाही.

"साहेबापुढं गेला तर काय करत्यात की," मथुरा रडवेली झाली. "आत्याबाई, तुमी तरी हाक मारा!"

"म्या न्हाय मारायची," सारजाबाई म्हणाली, पण भिंतीचा आधार घेत उठली. तिला घरात बसवेना. ती मागच्या दारानं बिरूच्या घरी गेली. टांग लंगडी केल्यापासून बिरूची बायको तिच्याशी बोलत नव्हती. सारजाबाई तिच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या कोंबडीची अंडी दे. तीन दे. लई न्हाईत मावायची बुटकीच्या पंखाखाली." बिरूच्या बायकोनं तिच्या तोंडाकडं बघितलं, भांडण बाजूला ठेवलं आणि पेवातल्या पाटीतून तीन अंडी काढून पदरात घातली.

मोठी अंडी. बुटकीच्या अंड्यांपुढं ती धोंड्यांसारखी दिसत होती. सारजाबाईनं एकेक तिच्याखाली सारलं. बुटकीनं चोचीनं ओढून घेतलं, पंख आणखी पसरले. तिसरं अर्धं बाहेरच राहत होतं, तर ती त्याच्यावर कलून बसली. आता पिल्लं होतील ती लांब टांगांची. कुठल्यातरी थंडीत, कुठल्यातरी तंबूत जातील. जात संपली होती. सारजाबाईनं हे मनात दोनदा म्हणून बघितलं, आणि ते खरंच होतं. तरी बुटकीला बसायला काहीतरी पाहिजे होतं. रिकाम्यावर कुणाला किती दिवस बसवून ठेवायचं?

उत्तरेश्वर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर फेटा नव्हता. फेट्याचा एक गुंडाळा बगलेत होता, चिखलानं माखलेला. एका गालावर बोटं उठली होती. मथुरेनं तोंडावर पदर दाबला.

"काय म्हनलास?" सारजाबाईनं विचारलं.

"म्हनलो, कोंबडी मिळायची न्हाय." तो ओट्यावर बसला. हात त्यानं गुडघ्यांत धरले. "म्हनलो, ती बसलीय."

"कशावर बसलीय, ते न्हाय इचारलं?"

"न्हाय इचारलं. चपराशानं फेटा उडिवला. साहेब म्हनले, उद्या दुसरा पाटील बघतो."

"बघतील?"

"बघतील बी."

"गाव तुला काय म्हनंल?"

"काय बी म्हनू दे." मग थोडं थांबून म्हणाला, "आई, ते म्हनायला लई जड गेलं. घशातच अडकत हुतं."

मथुरेनं पाण्याचा तांब्या आणून त्याच्यासमोर ठेवला. त्यानं पाणी प्यायलं नाही, तांब्या धरूनच बसला. सारजाबाई पाटीशेजारी होती तशीच बसून होती. दिव्याच्या उजेडात तिला लेकाचे केस दिसले. फेटा नसल्यानं बऱ्याच दिवसांनी दिसले. मधे विरळ झाले होते, कानापाशी पांढरे. हा कधी एवढा म्हातारा झाला, ते तिला आठवेना. तिनं एक हात बुटकीच्या पाठीवर ठेवला. पिसांखाली अंग तापलं होतं.

"उत्तरेश्वरा," ती म्हणाली, "तू वंगाळ न्हाइस, तू मऊ हाइस. अन् तुझ्या मऊपणानं ह्या घरातलं एक बी जनावर म्हातारं हू दिलं न्हाय. माझ्या बुटक्यांची जात बी तूच बुडिवलीस, ते म्या मरस्तोवर इसरायची न्हाय, अन् तुला बी इसरू द्यायची न्हाय. पर ही एक आता ह्या अंगणात म्हातारी होऊन मरंल. गाव तुला उद्या काय म्हनायचं ते म्हनंल. माझं ऐक. जन्मभर तू नुसता फेट्याचा पाटील हुतास, आज एका कोंबडीपुरता खरा झालास. आता ऊठ, फेटा भिजत घाल, अन् भाकरी खा."